फॉस्फो-बँड एका आठवड्यात झकास, पुढच्या आठवड्यात गायब

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखणं. बघायचं होतं ईआरके, पेशीत संदेश पुढे नेणारं एक कायनेज, आणि त्यावर फॉस्फेट चढलाय का. टोटल ईआरके दणदणीत. ट्यूब्युलिन, म्हणजे लोडिंग सारखं आहे ना हे दाखवणारं प्रोटीन, सगळ्या लेनमध्ये सारखं. आणि फॉस्फो-ईआरकेची ४२ आणि ४४ किलोडाल्टनची जोडी जिथे दिसायला हवी तिथे मेंब्रेन कोरं. मागच्या आठवड्यात त्याच पेशी होत्या, ईआरके पेटवणारा तोच ईजीएफ (वाढीचा घटक) होता, तीच अँटिबॉडी होती, आणि सिग्नल इतका की एक्सपोजर कमी करावं लागलं होतं.

बडोद्यात उन्हाळा तापायला लागला की ही तक्रार माझ्याकडे ठरलेली येते. फतेगंज-सयाजीगंजच्या बाजूला काम करणारी पोरं-पोरी, काही दांडिया बाजार-वाडीतल्या मराठी घरांतली, काही गुजराती. मेसेज एकच, फॉस्फो येतच नाही: "ताई, फॉस्फो आवतो ज नथी." दुसऱ्या ओळीत निदानही तयार असतं: अँटिबॉडी गेली, नवीन मागवू का?

मागवू नका. निदान इतक्यात नको. अँटिबॉडी खराब होते तेव्हा ती बहुतेक वेळा हळूहळू होते. सिग्नल दर ब्लॉटला थोडा थोडा फिका पडत जातो, पार्श्वभूमी वाढते. एका आठवड्यात भरपूर, पुढच्या आठवड्यात शून्य आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अर्धामुर्धा, असा लहरीपणा दिसला की संशयित दुसरा असतो. पेशी फुटल्यापासून सॅम्पल उकळेपर्यंतच्या वेळात ट्यूबमध्ये फॉस्फटेजेसनी फॉस्फेट काढून टाकलेला असतो. प्रोटीन शाबूत, म्हणून टोटलचा बँड शाबूत. गेला तो फक्त फॉस्फेट.

ट्यूबमध्ये नेमकं काय बिघडतं

जिवंत पेशीत कायनेज फॉस्फेट चढवतात, फॉस्फटेजेस उतरवतात, आणि दोन्ही कामं सतत चालू असतात. ब्लॉटवर जो बँड दिसतो तो या दोघांच्या ओढाताणीतला त्या क्षणाचा हिशोब. पेशी फुटली की ही ओढाताण एकतर्फी होते, आणि कारण साधं आहे. कायनेजला फॉस्फेट देणारा एटीपी लागतो, सोबत मॅग्नेशियम लागतं. पेशीत एटीपी काही मिलिमोलर असतो. दहा सेंटिमीटरच्या प्लेटमधल्या सगळ्या पेशींचं मिळून आकारमान काही मायक्रोलिटरच. त्यावर तुम्ही तीन-चारशे मायक्रोलिटर बफर ओतता. एटीपी पातळ झाला, नवा बनणं थांबलं, बफरमधल्या ईडीटीएने मॅग्नेशियमही पकडलं. कायनेज जागच्या जागी बसलं. फॉस्फटेजही पातळ झालं, पण त्याला सोबतीला लागतं ते फक्त पाणी, आणि बफरमध्ये पाण्याला तोटा नाही. शिवाय डिटर्जंटने पेशीतल्या सगळ्या भिंती पाडल्या. जे फॉस्फटेज एरवी एका कोपऱ्यात असतं, तेही आता तुमच्या प्रोटीनशेजारी तरंगतंय.

ईआरकेच्या बाबतीत आणखी एक भानगड. ईआरके-१ वर थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४, ईआरके-२ वर थ्रिओनिन १८५ आणि टायरोसिन १८७, अशा दोन शेजारच्या जागांवर फॉस्फेट लागतो, आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक अँटिबॉडींना दोन्ही जागा भरलेल्या हव्या असतात. दोहोंपैकी एक फॉस्फेट गेला तरी बँड गेला. म्हणजे सेरिन-थ्रिओनिनवाली फॉस्फटेजेस आणि टायरोसिनवाली फॉस्फटेजेस, दोन्ही घराण्यं एकाच वेळी बंद करावी लागतात. एक उघडं राहिलं तरी पुरे.

आधी एक गोष्ट पक्की करा

काहीही बदलण्याआधी हा एक प्रयोग करा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. दोन सारख्या प्लेट घ्या, दोन्हीला सारखं स्टिम्युलेशन द्या. एक प्लेट नेहमीच्या पद्धतीने लाइज करा, म्हणजे पेशी फोडा: बर्फ, बफर, खरवडणं, सेंट्रिफ्यूज, सगळं. दुसऱ्या प्लेटचं मीडियम झटकून काढा आणि तिच्यावर ९५ अंशाला तापवलेला, २ टक्के एसडीएस (कडक डिटर्जंट) असलेला लेमली बफर, म्हणजे जेलसाठीचा सॅम्पल बफर, थेट ओता. धुण्याबिण्याच्या फंदात पडू नका. फार तर एकदा गार पीबीएस (पेशी धुवायचा फॉस्फेट-मिठाचा बफर) फिरवा आणि लगेच ओता. गरम एसडीएसमध्ये फॉस्फटेज क्षणात उलगडतं आणि मरतं. त्याला इनहिबिटर (एन्झाइम अडवणारं रसायन) लागत नाही, बर्फ लागत नाही.

हे सॅम्पल हाताला विचित्र लागेल. डीएनए सुटा झाल्यामुळे पीपेटच्या टोकाला शेंबडासारखी तार येते आणि ती लेनमध्ये नीट उतरत नाही. इन्सुलिनच्या सिरिंजमधून आठ-दहा वेळा ओढा-सोडा, किंवा थोडा वेळ सोनिकेट करा, मग पाच मिनिटं उकळा. प्रोटीन मोजायचं असेल तर ब्रॅडफोर्ड विसरा, एसडीएसबरोबर ती खोटं बोलते. बीसीए चालते, पण तेव्हा बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथॅनॉल ही क्षपक रसायनं घालू नका आणि ब्रोमोफिनॉल ब्लूही नको. मोजून झाल्यावर घाला.

दोन्ही सॅम्पल एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवा. गरम एसडीएसच्या लेनमध्ये फॉस्फो आहे आणि नेहमीच्या लेनमध्ये नाही, तर चोर ट्यूबमध्येच आहे. खालचा व्हॅनॅडेटचा भाग नीट वाचा. दोन्हींत नाही, तर एक तर पेशीतच फॉस्फेट नव्हता, नाही तर ब्लॉटच्या बाजूला घोळ आहे. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे. दोन्हींत सारखाच आहे, तर आज तुमचं सगळं नीट चाललंय. जपून ठेवा आणि मागच्या आठवड्याच्या वहीत काय वेगळं लिहिलंय ते बघा.

कोणतं घराणं उघडं राहिलं हेही त्याच लायसेटमधून, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या अर्कातून, कळतं, आणि ही युक्ती फार कमी जण वापरतात. त्याच लायसेटचे तीन ब्लॉट करा: एक फॉस्फो-ईआरके, एक एकेटी या दुसऱ्या कायनेजचा सेरिन ४७३, आणि एक निव्वळ टायरोसिनवाला, म्हणजे स्टॅट-३ चा टायरोसिन ७०५ किंवा ईजीएफ रिसेप्टर, जो तुमच्या पेशीत दिसत असेल तो. टायरोसिनवाले गायब आणि एकेटी ठीक, तर व्हॅनॅडेट कामातून गेलंय. एकेटी गायब आणि टायरोसिनवाले ठीक, तर फ्लोराइड, ग्लिसरोफॉस्फेटकडे बघा. सगळेच फिके असतील तर वेळ आणि तापमान.

व्हॅनॅडेट

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच निघतो, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

टायरोसिन फॉस्फटेजच्या खोबणीत एक सिस्टीन असतं. सब्स्ट्रेटवरचा फॉस्फेट आधी या सिस्टीनच्या गंधकावर येतो, मग पाणी येऊन त्याला तिथून सोडवतं. ऑर्थोव्हॅनॅडेटचा आकार फॉस्फेटसारखाच. ते त्या खोबणीत जाऊन बसतं आणि जागा अडवतं. पण ते एकेकटं, सुट्या रूपात असलं तरच. पाण्यात, विशेषतः सामू खाली आला की, व्हॅनॅडेटचे अनेक रेणू एकत्र जुळून दशकुटाचे गट बनतात, ज्याला डेकाव्हॅनॅडेट म्हणतात. हे गट पिवळे-नारिंगी दिसतात आणि तुम्हाला हवं तसं खोबणीत बसत नाहीत. म्हणून पावडर विरघळवून तशीच वापरायची नसते. ती आधी सक्रिय करावी लागते.

२०० मिलिमोलर बनवायचं तर १० मिलिलिटरसाठी ०.३६८ ग्रॅम सोडियम ऑर्थोव्हॅनॅडेट. विरघळवा, सामू हायड्रोक्लोरिक आम्लाने किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने १० वर आणा. आम्लाचा थेंब पडतो त्या जागी द्रावण हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं आणि ढवळल्यावर तो पिवळेपणा सगळीकडे पसरतो. घाबरू नका. उकळा. उकळायला लागल्यावर काही मिनिटांत रंग उडतो, द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सामू पुन्हा बघा. तो सरकलेला असतो. परत १० वर आणा, परत पिवळसर होईल, परत उकळा. गार झाल्यावर सामू १० वर टिकतो आणि रंग येत नाही, तोपर्यंत हे करायचं. मग छोट्या अॅलिकॉटमध्ये भरून उणे २० ला. वापरताना २०० पटीने विरळ केलं की १ मिलिमोलर होतं. टायरोसिनवर काम असेल तर २ पर्यंत जा.

एका सीनियरकडून दुसऱ्याकडे वारशाने आलेली, तारीख नसलेली व्हॅनॅडेटची ट्यूब प्रत्येक लॅबमध्ये असते. ती वितळवून उजेडासमोर धरा. पिवळी दिसली तर फेकून द्या, किंवा फार तर परत उकळून बघा. पीबीएसमध्ये बनवलेली किंवा थेट आम्लधर्मी बफरमध्ये आठवडाभर आधी घालून ठेवलेली असेल तर तिच्याकडून काही अपेक्षा करू नका. व्हॅनॅडेट बफरमध्ये त्याच दिवशी, शेवटी घालायचं.

आता त्याचे दोन शत्रू, आणि दोन्ही आपणच आपल्या हाताने बफरमध्ये घालतो. पहिला डीटीटी. डीटीटी व्हॅनॅडेटचं क्षपण करतं, म्हणजे इनहिबिटर मेला. आणि वर टायरोसिन फॉस्फटेजचं ते महत्त्वाचं सिस्टीन क्षपित ठेवून एन्झाइमला ताजंतवानं करतं. दुहेरी नुकसान. लायसिस बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथॅनॉल घालूच नका. ते सॅम्पल बफरमध्ये, उकळण्याच्या वेळी. तेव्हा फॉस्फटेज तसंही मरणार असतं. दुसरा ईडीटीए. ते व्हॅनॅडेटला पकडून ठेवतं. अनेक रेसिपींमध्ये दोन्ही १-१ मिलिमोलर सुखाने नांदताना दिसतात आणि ईआरकेसारख्या जोरदार सिग्नलला ते चालूनही जातं, पण कुणी प्रोटिएजच्या भीतीने ईडीटीए ५ वर नेलं की टायरोसिनचा सिग्नल बसतो. टायरोसिनवर काम करताना मी ईडीटीए वगळते आणि प्रोटिएजसाठी ईडीटीए नसलेली गोळी वापरते.

व्हॅनॅडेटचा अडथळा उलटा फिरणारा आहे, हेही ध्यानात ठेवा. लायसेट विरळ केलं, डायलिसिस केलं किंवा मणी धुताना व्हॅनॅडेट नसलेला बफर वापरला, की फॉस्फटेज परत जागं. इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडी लावलेल्या मण्यांवर प्रोटीन पकडणं) करणाऱ्यांनी शेवटच्या धुण्यापर्यंत व्हॅनॅडेट चालू ठेवावं.

फ्लोराइड वगैरे

सेरिन-थ्रिओनिनवाल्या घराण्याची रचना वेगळी आहे. पीपी-१, पीपी-२ए, कॅल्सिन्युरिन यांच्या खोबणीत दोन धातूंचे आयन असतात आणि ते थेट पाण्यालाच कामाला लावतात. सिस्टीनचा टप्पाच नाही, म्हणून व्हॅनॅडेट इथे फारसं उपयोगाचं नाही. इथे सोडियम फ्लोराइड १० ते ५० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० ते ५०, सोडियम पायरोफॉस्फेट ५ ते १०. फ्लोराइड बारीकसारीक एकाग्रतेत काम करत नाही, म्हणून त्याचा १०० पट स्टॉक बनवायच्या भानगडीत पडू नका. पाण्यात ते साधारण १ मोलरच्या पुढे विरघळतच नाही. थेट बफरमध्येच घाला. बाटली प्लास्टिकची घ्या, फ्लोराइड काच खातं. बफरमध्ये कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल तर फ्लोराइडबरोबर साका बसतो. तळाशी पांढरं दिसलं तर तेच. आणि हात धुवा, ते विष आहे.

पीपी-२सीचं घराणं मात्र पीपी-१ आणि पीपी-२एला बंद पाडणाऱ्या ओकाडेइक आम्लालाही भीक घालत नाही. त्याला मॅग्नेशियम किंवा मँगनीज लागतं, म्हणून तिथे ईडीटीए कामाला येतं. एकीकडे ईडीटीए हवं, दुसरीकडे नको. सगळ्यांवर चालणारा एकच बफर नसतो. कोणत्या जागेचा फॉस्फेट बघायचाय त्यावर रेसिपी ठरवायची. बाजारातल्या तयार कॉकटेलच्या बाटल्यांवरही कोणती सेरिन-थ्रिओनिनसाठी आणि कोणती टायरोसिनसाठी ते लिहिलेलं असतं. एकच आणून दोन्हींचं काम झालं असं समजणारे मी बरेच पाहिलेत.

बर्फ आणि वेळ

मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२-४३ अंश असतात आणि एसी थकलेला असेल तर बेंचवरही तिशीच्या वर. पहाटे सहाला केलेला प्रयोग चालतो, दुपारी तीनला केलेला चालत नाही. हे ऐकून मला नवल वाटत नाही.

यंत्रातून निघालेल्या भुसभुशीत बर्फावर प्लेट ठेवली म्हणजे ती गार झाली असं होत नाही. प्लेटच्या तळाला बर्फाचे चार कण टेकतात, बाकी हवा. बर्फात पाणी घाला, चिखल करा, त्यावर स्टीलचं ताट किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवा आणि त्यावर प्लेट. हाताला फरक कळतो. पीबीएस आधीच्या रात्री फ्रिजमध्ये, सेंट्रिफ्यूज काम सुरू करायच्या आधीच ४ अंशावर लावलेलं. रोटर गार व्हायला यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तरीही ४ अंश म्हणजे एन्झाइम बंद नव्हे, मंद. म्हणून सहा प्लेट एकदम उचलू नका. सहाव्या प्लेटपर्यंत पोचेपर्यंत पहिलीचं काय होतं आणि सहावीच्या पेशी गार पीबीएसमध्ये किती वेळ ताटकळतात, याचा विचार करा. दोन-दोन घ्या, स्टिम्युलेशनच्या वेळा मागेपुढे ठेवा. अर्धा तास रॉकरवर लायसिस करण्याची जी जुनी पद्धत आहे ती फॉस्फोसाठी मला पटत नाही. पाच-दहा मिनिटं, मग थेट सेंट्रिफ्यूज. ट्रिप्सिनने पेशी सोडवून मग लाइज करणं तर अजिबात नको. ट्रिप्सिन आणि ३७ अंशांत पेशींचं सिग्नलिंग पार बदलून जातं.

सर्वात जास्त वेळ जातो तो प्रोटीन मोजण्यात. लायसेट बेंचवर, बीसीएची प्लेट ३७ अंशाला अर्धा तास, मधे कुणीतरी सेवउसळीची ऑर्डर घेऊन येतं. उलट करा. सेंट्रिफ्यूजमधून काढल्या काढल्या २० मायक्रोलिटर मोजायला बाजूला काढा, उरलेल्यात लगेच ४ पट तीव्रतेचा सॅम्पल बफर घालून उकळा. मोजणी नंतर करा. किती लोड करायचं ते मोजणीनंतर ठरवता येतंच.

आणि साठवा ते उकळलेलंच. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, बऱ्याच भागांत वीज गेली आणि फ्रीझर वितळले. ज्यांनी साधं लायसेट ठेवलं होतं त्यांच्या फॉस्फो-ब्लॉटचं नंतर काही खरं नव्हतं. सॅम्पल बफरमध्ये उकळून ठेवलेल्या ट्यूब बहुतेक चालल्या. पूर नाही आला तरी बडोद्याच्या उन्हाळ्यात वीज जातेच.

उंदराच्या ऊतींवर काम असेल तर वरचं सगळं दुप्पट कडक समजा. रक्तपुरवठा थांबला की एटीपी काही मिनिटांत कोसळतो आणि ऊतीत सगळं उलटंपालटं होतं. मेंदूत तर फारच लवकर. काढलेला तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये, वितळू न देता खलबत्त्यात पूड, आणि पूड थेट गरम एसडीएसमध्ये किंवा इनहिबिटर घातलेल्या बफरमध्ये. बर्फावर ठेवून मग कापू, असं नाही.

हे सगळं नवं नाही, याचा मला आधार वाटतो. १९४०च्या दशकात कार्ल आणि गर्टी कोरी यांना स्नायूतल्या ग्लायकोजेन फॉस्फोरायलेजची एक सक्रिय आणि एक असक्रिय अशी दोन रूपं सापडली, आणि सक्रियचं असक्रिय करणारं एन्झाइमही सापडलं. ते अॅडेनिलिक आम्ल काढून टाकतं असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते फॉस्फटेज होतं. पुढे १९५५च्या सुमारास सिअॅटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना सक्रिय रूप मिळेना. कोरींनी स्नायूचा अर्क फिल्टर पेपरमधून गाळला होता आणि यांनी तो सेंट्रिफ्यूज केला होता, एवढाच फरक. फिल्टर पेपरमधलं कॅल्शियम अर्कातल्या कायनेजला जागं करत होतं. एका गाळण्याच्या फरकामागे लागून त्यांनी प्रोटीनवर फॉस्फेट चढतो-उतरतो हे दाखवलं आणि १९९२ चं नोबेल घेतलं. तुमचा ब्लॉट लहरी वागतोय म्हणून रडणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं. फिशरच्याच प्रयोगशाळेत निकोलस टॉन्क्स यांनी १९८८ मध्ये मानवी वारेतून पहिलं टायरोसिन फॉस्फटेज शुद्ध केलं, पीटीपी-१बी. इन्शुलिन रिसेप्टरवरचे फॉस्फेट उतरवणारं हेच, म्हणून मधुमेहवाल्यांचं त्याच्यावर इतकी वर्षं लक्ष आहे.

गरम एसडीएसमध्येही बँड नसेल तर

आता चोर ट्यूबमध्ये नाही. दोन शक्यता उरतात.

पहिली, पेशीनेच फॉस्फेट उतरवला आणि तुम्ही उशिरा पोचलात. ईजीएफ दिल्यावर बऱ्याच पेशींत ईआरके ५-१० मिनिटांत शिखर गाठतो आणि तासाभरात खाली येतो. हे घडवणारी फॉस्फटेजेस पेशी स्वतःच ठेवते आणि काही तर मागणीनुसार बनवते. ईआरके चालू झाला की डीयूएसपी-१ चं जनुक चालू होतं, त्यातून बनलेलं फॉस्फटेज केंद्रकात जाऊन एमएपी कायनेजच्या थ्रिओनिन आणि टायरोसिन दोन्हींवरचा फॉस्फेट काढतं. डीयूएसपी-६ हेच काम केंद्रकाबाहेर ईआरकेवर करतं. म्हणजे ३० मिनिटांना शून्य दिसलं तर ते पेशीचं नेहमीचं वागणंही असू शकतं. ०, २, ५, १०, ३०, ६० मिनिटं असा कोर्स एकदा काढून ठेवा, प्रत्येक पेशीप्रकारासाठी वेगळा. दुसऱ्याचा पेपर बघून वेळ ठरवू नका. सायक्लोहेक्सिमाइड देऊन नवं प्रोटीन बनणं थांबवल्यावर सिग्नल जास्त वेळ टिकला, तर नव्याने बनणाऱ्या फॉस्फटेजवर संशय घ्यायला जागा आहे. फक्त सायक्लोहेक्सिमाइड स्वतःच ताणाचे कायनेज पेटवतं, त्यामुळे नुसतं सायक्लोहेक्सिमाइड दिलेली लेन हवीच.

अँटिबॉडी चालते का हे पेशीतूनच तपासायचं तर कॅलिक्युलिन-ए द्या, ५० नॅनोमोलर, १५-२० मिनिटं. पीपी-१ आणि पीपी-२ए दोन्ही बंद पडतात, सेरिन-थ्रिओनिनचा फॉस्फेट साचतो, पेशी गोल होऊन सुटायला लागतात. टायरोसिनसाठी परव्हॅनॅडेट, म्हणजे व्हॅनॅडेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. ते सिस्टीनचं कायमचं ऑक्सिडीकरण करतं. या सॅम्पलमध्येही बँड नसेल तर मात्र अँटिबॉडीकडे बघायला हरकत नाही. उलट बाजूचा कंट्रोल लॅम्डा फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट मुद्दाम काढायला बाहेरून घालायचं एन्झाइम: इनहिबिटर नसलेलं लायसेट, मँगनीज, ३० अंशाला अर्धा तास. बँड उडाला तर तो खरा फॉस्फोच होता. इथे इनहिबिटरवालं लायसेट वापरून "लॅम्डा खराब आली" म्हणणारा दर वर्षी एकजण तरी निघतो.

दुसरी शक्यता ब्लॉटची, आणि ही थोडक्यात. दुधाने ब्लॉक करू नका. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे आणि फॉस्फो-अँटिबॉडी त्यालाच चिकटत बसते. बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ५ टक्के, टीबीएस-ट्वीन या धुण्याच्या बफरमध्ये. अल्कलाइन फॉस्फटेज जोडलेली सेकंडरी असेल तर पीबीएस नको, फॉस्फेट त्या एन्झाइमला अडवतो. फॉस्फोचा ब्लॉट आधी, स्ट्रिप करून (आधीची अँटिबॉडी धुऊन काढून) टोटल नंतर. उलट केलं तर स्ट्रिपिंगमध्ये थोडं प्रोटीन जातं आणि दुबळा सिग्नल आधी मरतो.

इतकं करूनही अडलात तर विचारा, पण विचारताना लायसिस बफरची पूर्ण रेसिपी लिहा, त्यात ईडीटीए किती आणि डीटीटी आहे का ते लिहा, व्हॅनॅडेट कधी बनवलं आणि त्याचा रंग काय ते लिहा, स्टिम्युलेशन किती मिनिटं आणि प्लेट उचलल्यापासून उकळेपर्यंत किती मिनिटं गेली तेही. नुसता कापलेला बँड पाठवला तर मलाही अंदाजच करावा लागतो. पूर्ण मेंब्रेनचा फोटो पाठवा, मार्करसकट.